घराच्या डागडुजीची बखर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्न केल्यावर ते निभवायचे कसे आणि घर बांधल्यावर ते राखायचे कसे, याविषयी मात्र म्हण करणारा पूर्वज सोयीस्कर मौन पाळून बसला आहे. इतिहासकारांनीही त्याचाच कित्ता गिरवला. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १७३२ साली थोरले बाजीराव तेथे राहावयास आले, हे शाळकरी पोर घडाघडा सांगेल. पुढे १८२८ च्या आगीत वाडा भस्मसात झाला, हेही सांगेल. पण या दोन सनांच्या मध्ये त्या वाड्याने शंभराला चार कमी एवढे पावसाळे काढले. ते कोणाच्या हातांवर काढले? कोणी गळती शोधली, कोणी चुना विरवला, कुजलेली कडी कोणी बदलली? बांधणाऱ्याचे नाव दरवाजावर लागते. राखणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी झाडलोट आणि रंगसफेदी चाललेली असताना या विसरलेल्या मंडळींची थोडी बखर सांगावी, असे मनात आले. बखर म्हटले म्हणून वाचकांनी घाबरून जाऊ नये. हीत लढाया नाहीत. एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला माणूस, एवढीच काय ती लढाई. आणि तिचा तह दर वर्षी नव्याने करावा लागतो.

आमचे मूळ घर कोकणातले, गावठी नळ्यांचे. आजच्या मुलांना नळे म्हणजे पाण्याचे नळ वाटतील, म्हणून सांगतो. कुंभार चाकावर मातीची लांबट नळी काढी, ती उभी चिरून तिची दोन पन्हळीसारखी कौले करी आणि भट्टीत भाजी. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी, अशी ही कौले नुसती ठेवलेली असत. ना खिळा, ना चुना. वानर नाचून गेले, नारळ पडला, वाऱ्याने झोड उठवली की नळे सरकत आणि फुटत. म्हणून वैशाख आला की घर शाकारावे लागे. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, हे काम उरकले नाही तर गावात नाचक्की आणि घरात गळती, दोन्ही ठरलेल्या.

शाकारणी म्हणजे फुटक्या कौलाच्या जागी नवे कौल खुपसणे नव्हे. एकेका पाख्याचे नळे उतरवून अंगणात रास घालीत. मग म्हातारे काका एकेक नळा हातात घेऊन त्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारीत. खणखणीत वाजला तर तो एका बाजूला, बद्द वाजला तर दुसऱ्या. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, ही विद्या मी तेथे पाहिली. तोवर वर चढलेला माणूस उघड्या पडलेल्या रिपा आणि वासे तपासून घेई. वाळवी कोठे लागली, उंदरांनी कोठे संसार मांडला, आढ्याजवळचे लाकूड कोठे मऊ झाले, हे सारे त्या एका दिवशी उन्हात येई. खराब रीप काढून नवी बसवली, कचरा झाडून काढला, की मग नळे पुन्हा रचायचे. तूट भरून काढायला कुंभाराकडचे नवे नळे आधीच आणून ठेवलेले असत. शेवटी पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतींना नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले, की घर आषाढाला तोंड द्यायला मोकळे.

या शाकारणीत एक मर्म आहे आणि माझ्या मते साऱ्या डागडुजीचे तेच मर्म आहे. आधी उकलायचे, मग घालायचे. घर वर्षातून एकदा उघडे करून पाहिल्याशिवाय त्यावर काही चढवायचे नाही. ही शिस्त कोणा शास्त्रकाराने सांगितली नव्हती. नळ्याचे छप्परच तशा जातीचे होते की उकलल्यावाचून गत्यंतर नसे. जेथे ही शिस्त टिकली तेथे घरे टिकली आणि जेथे ती सुटली तेथे काय झाले, ते पुढे येईलच.

पावसाळा सरला की दुसरा फेरा सुरू होई, आणि हा फेरा बहुधा बायकांच्या हाती असे. अंगण पावसाने धुपलेले. ते खणून, नवी माती घालून, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचे आणि मग शेणाने सारवायचे. शेणातले बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, त्यामुळे सारवलेली जमीन भेगाळत नाही आणि धूळ उडत नाही. चार-आठ दिवसांनी सारवण, सणाला भिंतींना पोतेरे, चुलीला रोज. या कामाला कोणी दुरुस्ती म्हटले नाही, त्याची मजुरी कोणी मोजली नाही. पण मातीचे घर उभे राही ते या रोजच्या हातफिरवणीवर. गुडघे आणि कंबर यांचे त्यात काय होई, ते आमच्या आजीला विचारावे लागले असते. जुने दिवस रम्य म्हणताना ही गोष्ट विसरू नये. फरशी आली तेव्हा तिचे सर्वांत मनापासून स्वागत कोणी केले असेल, तर ते सारवणाऱ्या बाईने.

भिंतीचा कारभार चुन्याचा. चुन्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजला की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कोकणात आणि गोव्यात दगडाऐवजी शिंपल्या भाजीत. ही कळी पाण्यात टाकली की पाणी खदखदून उकळते. याला चुना विरवणे म्हणतात. मग तो वाळूबरोबर घाणीत मळायचा. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारा बैल, ही चुन्याची घाणी पूर्वी प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या जागी असे. गूळ, बेलफळ, हिरडा, ताग अशा वस्तू गवंडी आपापल्या गुरूच्या पाठाप्रमाणे त्यात घालीत. भिंतीला लागल्यावर हा चुना हवेतला कर्बवायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगडाचा चुना, चुन्याचा दगड! जन्म-मरणाचा फेरा कीर्तनकाराने सांगावा त्यापेक्षा गवंड्याने सांगितलेला बरा समजतो.

पण चुन्याचा खरा गुण त्याच्या कडकपणात नाही, मवाळपणात आहे. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून ओल चढली तर ती गिलाव्यातून बाहेर पडून सुकते. आश्विनात पाऊस थांबून हवा कोरडी झाली की मगच सफेदी करायची, ही रीत त्यासाठीच. आणि सफेदीपूर्वी जुने पोपडे खरवडायचे, भेगा पाहायच्या, हे येथेही होतेच. उकलणे आले, मग घालणे आले.

मातीचा आणि चुन्याचा हा शहाणपणा किती जुना आहे, याच्या खुणा आपल्या लेण्यांत आहेत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत, असे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी दाखवले आणि २०१६ साली ती बातमी सर्वत्र गाजली. भांग पिऊन चित्रे काढली की काय, असा विनोद तेव्हा पुष्कळांनी केला. पण कारागिराचा हेतू सरळ होता. गिलाव्याला धागा हवा. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे जागेवर आहेत. लाकूड कोरडे राहिले आणि त्याला वारा लागत राहिला, तर ते काळालाही दाद देत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

एकोणिसाव्या शतकात मात्र या जुन्या तहनाम्यात नवे पक्ष शिरले. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदवला. १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर यांनी पन्हळी पत्र्याचा हक्क घेतला. आणि १८६५ साली मंगळुरास बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. पहिली दोन नावे विलायतेत राहिली. पण मंगलोरी कौल आमच्या आढ्यापर्यंत येऊन पोहोचले. ते साच्यातले, सपाट, कडांना खाचा असलेले. एकाची खाच दुसऱ्यात अडकते, त्यामुळे वारा ते सहज हलवू शकत नाही आणि दर वर्षी सगळे छप्पर उतरवावे लागत नाही. गलबतांतून आणि पुढे आगगाडीने ही कौले गावोगाव गेली. वैशाखातला एक मोठा व्याप वाचला, हे खरेच. पण त्याबरोबर टिचकी मारून ऐकणाऱ्या काकांचे कामही गेले आणि गावच्या कुंभाराची भट्टीही थंडावली. मंगलोरी कौलांखालचे वासे दहा-दहा वर्षे कोणी पाहीनासे झाले.

सिमेंट आपल्या देशात जरा उशिरा रुजले. १९०४ साली मद्रासेस एक प्रयत्न झाला. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून खरे उत्पादन सुरू झाले. १९३६ साली अनेक कंपन्या मिळून एसीसी स्थापन झाली. घाणी नको, बैल नको, आठवडे वाट पाहणे नको. पोते फोडा, पाणी घाला, लावा. एका दिवसात दगडासारखे घट्ट! लोक भुलले तर नवल नाही. धरणे, पूल, उंच इमारती सिमेंटनेच शक्य झाल्या. त्याचा उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तक्रार वेगळीच आहे. सिमेंटने आपल्याला एक शब्द शिकवला, तो म्हणजे ‘कायमचे’. एकदा केले की पुन्हा पाहायला नको.

या ‘कायमचे’चा पराक्रम मी पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात पाहिला. वाडा पेशवाईनंतरचा, खाली दगड, वर सागवानी सांगाडा आणि त्यात चुन्यातली वीट. भिंतीला ओल येते म्हणून मालकांनी जुन्या गिलाव्यावर सिमेंटचा जाड थर चढवून घेतला. दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसली. पण जमिनीतली ओल थांबली नव्हती. तिची बाहेर पडायची वाट तेवढी बुजली होती. ती वर चढत गेली, क्षार फुलले, सिमेंटचा थर पोकळ होऊन फुगला आणि भिंतीत रोवलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजली. शंभर-सव्वाशे वर्षे जी लाकडे टिकली, ती दहा वर्षांत गेली. पाऊस आणि वाळवी यांना जे जमले नाही, ते एका दुरुस्तीने साधले.

पण सारा दोष सिमेंटच्या माथी मारणेही बरे नव्हे. जुन्या, निव्वळ मातीच्या दुरुस्तीनेही घात केल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि ते आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. त्यासाठी कोकण सोडून घाटावर, मराठवाड्यात जावे लागेल. तेथे पाऊस कमी, ऊन कडक. म्हणून घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर तुळया, फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात या घरांसारखा गारवा नाही. पाऊस गळू लागला की उपाय सोपा, पांढरीची माती आणून वर आणखी एक थर द्यायचा. बाप एक थर देई, मुलगा दुसरा, नातू तिसरा. जुनी माती खाली कोणी काढीत नसे. पिढ्यान्पिढ्या माळवद जाड होत गेले आणि माणसे त्याखाली निर्धास्त झोपत राहिली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून लोक घरी येऊन झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. भिंतींची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी नव्हतेच. धक्का बसताच भिंती फुटल्या आणि साऱ्या थरांचा भार खाली आला. ज्या घरांत छताचे ओझे लाकडी खांबांनी स्वतंत्रपणे पेलले होते, त्यांतली काही भिंती ढासळूनही उभी राहिली. म्हणजे दोष केवळ मातीचा नव्हता. वर चढवत राहण्याचा आणि आत कधीच न पाहण्याचा होता.

भूकंपानंतर जी कामे झाली त्यांतले एक फारसे कोणी आठवत नाही. नवी गावे वसवली गेली, त्यांची छायाचित्रे पुष्कळ छापली गेली. पण त्याखेरीज १ लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि बळकटी झाली, आणि ती बव्हंशी घरमालकांनी स्वतः उभे राहून करून घेतली. त्यांना अभियंत्यांनी सांगितलेल्या गोष्टींत दोन मुख्य होत्या. भिंतीत आरपार दगड किंवा सळईचा सांधा घाला, आणि माळवदावरची जादा माती खाली उतरवा. माती उतरवा! आजोबांनी वाहून नेलेल्या टोपल्या नातवाने खाली आणल्या. आमच्या काकांनी हे ऐकले असते तर म्हणाले असते, “अरे, मग आम्ही वैशाखात दुसरे काय करीत होतो?”

शहरातली कथा निराळी, कारण तेथे घर एकाचे आणि राहणारा दुसरा. मुंबईत १९४७ सालच्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला छप्पर मिळाले, ही गोष्ट लहान नव्हती. पण मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही असे मालक म्हणू लागला आणि घर मालकाचे, आम्ही का खर्च करावा, असे भाडेकरू म्हणू लागला. कायद्यात एक वाट होती. मालकाला नोटीस देऊन भाडेकरूने आवश्यक दुरुस्ती स्वतः करावी आणि ठराविक मर्यादेत खर्च भाड्यातून वळता करावा. ती वाट धरणारे थोडेच निघाले. शेवटी घरे पडू लागली, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि १९ हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. जिन्याखाली, गॅलरीखाली लाकडी टेकू उभे राहिले. टेकू हा तात्पुरता म्हणून लागतो. पण त्याच्याशी गाठी मारून कपडे वाळत घालणाऱ्या पिढ्या मुंबईने पाहिल्या आहेत.

आता बहुतेक जण स्वतःच्या सदनिकेचे मालक झाले, तेव्हा तरी डागडुजी सुधारली असेल, असे वाटते. गच्चीवर जाऊन पाहा. गळती लागली की विटांच्या तुकड्यांचा कोबा. पाच-सात वर्षांनी पुन्हा गळती, पुन्हा कोबा, जुन्याच्या उरावर. किती सोसायट्यांच्या गच्च्यांवर असे दोन-दोन, तीन-तीन थर आहेत! खाली छतातली सळई पाण्याने गंजते, गंजून फुगते आणि आपल्याभोवतीचे काँक्रीट फोडते. तो पोपडा दिसला की त्यावर गिलावा आणि वर झकास रंग. मराठवाड्यातल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्याने मातीने जे केले, तेच आम्ही शिकलेली माणसे सिमेंटने करीत आहोत. फरक एवढाच की आमच्याकडे त्याची पावती असते.

नव्या साधनांनी घरच्या माणसाच्या हाती काहीच आले नाही, असे मात्र नाही. पूर्वी खुर्चीचा निखळलेला पाय जोडायचा तर सुताराचा सरस चुलीवर तापवावा लागे आणि त्याचा वास शेजाऱ्यांपर्यंत जाई. १९५९ साली फेव्हिकॉल आले आणि ते काम डबीतल्या पांढऱ्या खळीवर आले. तयार रंग, विजेचे भोक पाडयंत्र, प्लास्टिकच्या नळ्या, यांनी पुष्कळ कामे घरबसल्या करता येऊ लागली. हात पुन्हा कामाला लागले आहेत. राहिली आहे ती टिचकी मारून ऐकण्याची सवय. ती विकत मिळत नाही, पण तिला खर्चही येत नाही.

यंदाच्या दिवाळीत रंगाचा डबा उघडण्याआधी एक उन्हाचा दिवस घराला द्यावा. कपाट भिंतीपासून ओढून मागे पाहावे. फरशीवर नाण्याने टकटक करून कोठे पोकळ वाजते ते ऐकावे. गच्चीची पन्हळ साफ करावी. फुगलेला पोपडा रंगाने झाकण्यापूर्वी खरवडून आत सळई कशी आहे ते पाहावे, आणि ती गंजलेली असेल तर जाणत्या अभियंत्याला बोलवावे. तेथे घरच्या हाताचा अभिमान बाळगू नये. वाडा जुना असेल तर चुन्याला चुनाच लावावा.

आणि घरात किल्ला करणारी पोरे असतील तर त्यांच्याकडे जरा लक्ष द्यावे. अंगणात किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात गोणपाट, दगड आणि चिखल घेऊन ती बसतात. तट पडला की ती वरून चिखल थापीत नाहीत. पडलेला भाग हाताने सारा काढतात, खालचा दगड हलवून पाहतात, नीट बसवतात आणि मगच नवा चिखल लावतात. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मोठेपणी ते विसरले जाऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे.